बुधवारची मुदत, गुरुवारचं टपाल

अनली, ॲडलेड
३ एप्रिल १९८४

प्रिय एल्वा,

तू ठीक, मेंढ्या ठीक, पाऊस नाही, हे सगळं गृहीत धरून मुद्द्यावर येते. तुझ्या कार्डाचं बिल याही महिन्यात उशिरा भरलं गेलं. सलग तिसऱ्यांदा. डेस्मंड काल बँकेतून आला आणि टोपी न काढताच खुर्चीत बसला, तेव्हाच मी ओळखलं.

हे कार्ड तुला सहजासहजी मिळालेलं नाही, याची आठवण करून देते. वॉल्टर गेल्यापासून तू त्या रानात एकटी. शहरातून वस्तू मागवता याव्यात म्हणून मी नवऱ्याच्या मागे लागले आणि 'माझी मेहुणी व्यवहाराला चोख आहे' असं त्यानं स्वतःच्या सहीनं लिहून दिलं. आता दर महिन्याला तुझ्या उशिराचा कागद त्याच्याच टेबलावर येतो. त्याचे साहेब, प्रिडमोर, येता-जाता विचारतात, "काय डेस्मंड, मेहुणीबाई अजून झोपल्यात का?" पुढच्या वर्षी बढतीचं आहे. माणसानं किती ऐकून घ्यायचं?

फोन मुद्दामच केला नाही. तुमच्या सात वस्त्यांना मिळून फोनची तार एकच. मी 'हॅलो' म्हटलं की सहा घरांतली कामं थांबतात.

बिल वेळेवर का भरत नाहीस ते सरळ लिही. पैशांची अडचण असेल तर तेही लिही, मी रागावणार नाही. म्हणजे थोडी रागावेन.

तुझी,
मर्ल

बिटर वेल
गुरुवार, १२ एप्रिल

प्रिय मर्ल,

पैसे आहेत. यंदा लोकर बऱ्या भावानं गेली. अडचण पैशांची नाही, बुधवारची आहे.

बिल बँकेतून वेळेवर निघतं. रेल्वेनं कुरालिंगाला येतं आणि सोमवारी पहाटे टपालाच्या ट्रकमध्ये चढतं. ट्रक सात वस्त्यांची गोल फेरी मारतो आणि माझ्याकडे सगळ्यात शेवटी, गुरुवारी संध्याकाळी पोचतो. बँकेनं मला मुदत दिलीय बुधवारची. म्हणजे मी पाकीट फोडते तेव्हा आधीच बुडवी ठरलेली असते. 'कृपया मुदतीपूर्वी भरावे' हे वाक्य मी दर महिन्याला मुदतीनंतर वाचते. पूर्वी राग यायचा, आता हसू येतं. तिथल्या तिथे चेक लिहून त्याच संध्याकाळच्या पिशवीत घालते. याहून चोख मेहुणी डेस्मंडला कुठे मिळणार होती?

स्वतः गाडी काढून गावात जाऊन का विचारत नाहीस, असं म्हणशील. गाव ऐंशी मैल, सगळी रेती. दंड दोन डॉलर, पेट्रोल त्याच्या पाचपट. शिवाय बिल येईपर्यंत आकडाच कळत नाही, मग जाऊन भरू काय?

तेव्हा प्रिडमोरसाहेबांना सांगा, मेहुणी जागी आहे. दोन डॉलरांनी मी भिकेला लागत नाही.

घाईत लिहिते आहे. म्हणजे घाई मलाच आहे, टपालवाला निवांत बसलाय. पण पिशवीला कुलूप लावायचं आहे.

तुझी,
एल्वा

अनली
२४ एप्रिल

प्रिय एल्वा,

तुझं पत्र वाचून डेस्मंडनं ऑफिसातून सरकारी नकाशा आणला. आम्ही तो जेवणाच्या टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार बशा ठेवल्या आणि तुझी वस्ती शोधली. एल्वा, सातही वस्त्यांत गावाला सगळ्यात जवळ तू आहेस. गावाबाहेर पडून ट्रक उजवीकडे वळला की पहिलं दार तुझं. आणि हा माणूस डावीकडे वळून, बाकीचं सगळं रान पालथं घालून, चौथ्या दिवशी तुझ्याकडे येतो. तुझ्यावर त्याचा काही डूख आहे का? वॉल्टरशी कधी भांडण झालं होतं का? की नुसताच आळशी आहे?

दुसरी गोष्ट. डेस्मंड जामीन असल्यामुळे बिलाची प्रत त्याच्याकडे येते. मी मुद्दाम पाहत नाही, समोर आली तर दिसते. पुरुषांच्या लोकरी सपाता, दहा नंबर. पत्त्यांचे दोन जोड. केसांना लावायचं लोशन. वॉल्टरचा पाय आठ नंबरचा होता आणि त्याला जाऊन चार वर्षं झाली. या सपाता कोणासाठी?

टपालाचं मी बघते. वाहतुकीची कंत्राटं देणारं ऑफिस इथेच शहरात आहे. डेस्मंड म्हणतो, तिला आधी विचार. तो पंचवीस वर्षं सगळ्यांना आधी विचारतोय आणि म्हणूनच अजून दुय्यम व्यवस्थापक आहे.

तुझी,
मर्ल

बिटर वेल
गुरुवार, ३ मे

प्रिय मर्ल,

तक्रार करू नकोस. बाकीचं पत्र वाचायला तुला वेळ मिळाला नाही तरी एवढं वाच, म्हणून ते पहिल्यांदा लिहिलं.

क्लॅरी नॉस्के आळशी नाही. अकरा वर्षं ही फेरी करतोय, पण एक पाकीट हरवलेलं नाही. ओढ्याला पूर आला तेव्हा पिशव्या डोक्यावर घेऊन छातीइतक्या पाण्यातून चालत आला होता. त्याचा कोणावर डूख नाही. त्याला डूख धरता येत असेल असं वाटत नाही, मेंढीनं धडक दिली तर तो मेंढीची माफी मागतो. डावीकडून जातो कारण त्या बाजूची रेती सकाळी घट्ट असते. फेरी कुठून सुरू करायची हे कंत्राटदारानं ठरवायचं, असा इथला रिवाजच आहे. त्यात शहरानं लक्ष घालायचं कारण नाही.

सपाता स्नोईसाठी. आमचा म्हातारा गडी. थंडीत त्याचे पाय गारठतात. लोशन माझंच. मेंढ्यांनाही कधीतरी नीटनेटकं माणूस पाहावंसं वाटत असेल.

दंड मी आनंदानं भरते. डेस्मंडला त्रास होतो त्याचं मात्र खरंच वाईट वाटतं. त्याच्यासाठी क्वांडाँगच्या रानफळांचा मुरंबा पाठवते आहे, आंबट आहे पण त्याला आवडतो.

आता थांबते. भांडी पुसून झाली म्हणतोय, आणि त्याला रात्र फार व्हायच्या आत ओढा ओलांडायचा आहे.

तुझी,
एल्वा

अनली
१४ मे

प्रिय एल्वा,

तुझं 'तक्रार करू नकोस' तक्रार करून दहा दिवस झाल्यावर पोचलं. याला म्हणतात तुमचं टपाल.

पण आता रडगाणं संपलं. मी बँकेच्या कागदावर लिहिलं, त्यामुळे असेल, किंवा माझ्या भाषेमुळे असेल, आठवड्यात उत्तर आलं. त्यांनीही नकाशा काढून पाहिला आणि त्यांनाही माझंच म्हणणं पटलं. जूनच्या पहिल्या सोमवारपासून फेरी उलटी. गावातून निघाला की आधी तू. बिल सोमवारी सकाळी तुझ्या हातात, मुदतीच्या दोन दिवस आधी. तुमच्या त्या नॉस्केला समज दिली आहे आणि तक्रार त्याच्या कागदांना जोडली आहे. आभार मानू नकोस, बहीण कशासाठी असते?

स्नोई भांडी पुसतो हे वाचून बरं वाटलं. ते वाक्य मी डेस्मंडला वाचून दाखवलं तर तो हसला, मग खोकला आणि बागेत पाणी घालायला गेला. पाऊस पडत होता.

मुरंबा पोचला. फार आंबट आहे.

तुझी,
मर्ल

बिटर वेल
सोमवार, ४ जून

प्रिय मर्ल,

पिशवी सकाळी सातला आली. बिल आहे. ट्रक फाटकाशी उभा आहे, इंजिन चालू आहे. चेक लिहून पिशवीत घालते आहे.

एल्वा

अनली
२२ जून

प्रिय एल्वा,

तीन ओळींचं पत्र मला आजवर फक्त आयकरवाल्यांनी पाठवलंय. तू आजारी आहेस का?

आणि हे काय झालं ते मला समजावून सांग. बिल तुला सोमवारी मिळालं, चेक तू सोमवारीच दिलास, आणि तरी कुरालिंगाच्या बँकेत त्यावर शिक्का पडला शुक्रवारचा. म्हणजे पुन्हा उशीर. मुदतीच्या आधी बिल मिळूनही तू उशिरा पैसे भरतेस म्हटल्यावर प्रिडमोरसाहेब आता थट्टा करत नाहीत, काळजीनं विचारतात. थट्टा परवडली होती. डेस्मंड म्हणतो, आपलं काहीतरी चुकलंय. काय चुकलंय ते सांगत नाही, नुसता नकाशाकडे बघत बसतो.

लवकर लिही. आता लवकर लिहिणं तुला शक्य आहे.

मर्ल

बिटर वेल
सोमवार, २ जुलै

प्रिय मर्ल,

हे पत्र मी शनिवारपासून लिहिते आहे, कारण सोमवारी आता ट्रक उभा राहतो तेवढ्यात पत्र लिहून होत नाही.

आधी चेकचं. फेरी गोल आहे, मर्ल. क्लॅरी शेवटी यायचा तेव्हा माझी पिशवी घेऊन इथून सरळ गावात जायचा. आता तो सकाळी माझा चेक घेतो आणि गावाकडे पाठ करून निघतो. माझा चेक सहा वस्त्यांना भेट देतो, प्रत्येक ठिकाणी ट्रकमध्ये बसून सगळ्यांचा चहा होईपर्यंत थांबतो आणि गुरुवारी उशिरा गावात पोचतो. आधी बिल फिरायचं, आता चेक फिरतो. तू, डेस्मंड आणि कंत्राटांचं सगळं ऑफिस मिळून नकाशा पाहिलात, ट्रक कोणीच पाहिला नाही.

आता दुसरं. सपाता स्नोईच्या नाहीत. स्नोई जन्मात सपाता घालणार नाही, तो बूट घालून झोपतो.

वॉल्टर होता तेव्हा क्लॅरी उजवीकडूनच यायचा आणि मी पहिली होते. पिशवी द्यायचा, टोपीला हात लावायचा, जायचा. वॉल्टर गेला त्या वर्षी एका गुरुवारी तो शेवटी आला. मी विचारलं, वाट बदललीस? म्हणाला, त्या बाजूची रेती सकाळी घट्ट असते. मी मान डोलावली. चार वर्षं आम्ही दोघं त्या रेतीवर विश्वास ठेवून आहोत. ज्याला अजून सहा वस्त्या गाठायच्या असतात त्याला एका कपापलीकडे बसता येत नाही. शेवटच्या घरी घाई नसते, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो मला पहिल्याच गुरुवारी कळला होता. मी मटण भाजायची. तो सहाही वस्त्यांच्या बातम्या सांगायचा. मग पत्ते. तो पत्त्यांत लबाडी करतो आणि पकडला की लाल होतो.

आता तो सात वाजता येतो. माझ्याकडे पहिला, म्हणून बातमीही नसते. फाटकाशी उभं राहून थंडी फार आहे म्हणतो. मीही हो, आहे म्हणते. मग जातो. आणि गुरुवारी तो शेवटी कुठे असतो माहीत आहे? उना गिल्बीकडे. नवरा सोडून गेलाय तिला, आणि तिनं नवे पडदे लावलेत. तारेवर सगळ्यांना सांगत होती.

मी एकटी राहू शकते, हे तुला माहीत आहे. पण चार वर्षं राहिले ती गुरुवार होता म्हणून. तो तू काढून घेतलास आणि आभार मानू नकोस म्हणालीस. या महिनाअखेर त्याचं कंत्राट संपतंय. कागदांना तुझी तक्रार जोडलेली आहे. दुसऱ्या कोणी त्यासाठी टेंडर भरलंय अशी बातमी आहे, कोणीतरी तरणा, नवी गाडीवाला. मग क्लॅरी गाव सोडून बारोसाला भावाकडे जाईल. त्यानं सांगितलं नाही. इंजिन चालू असताना एवढं सांगता येत नाही. उनानं सांगितलं, तारेवर.

मला तुझा फार राग आलाय. हे लिहिल्यावर जरा कमी होईल वाटलं होतं, झाला नाही.

एल्वा

अनली
११ जुलै

एल्वा,

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडले. डेस्मंडनं विचारलं तर त्याच्या हातात दिलं. त्यानं वाचलं आणि म्हणाला, भांडी पुसणाऱ्या वाक्यालाच मला संशय आला होता. मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? तर म्हणे, तू विचारलं नाहीस. त्या दिवशी मी त्याला जेवायला वाढलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या ऑफिसात गेलो. डेस्मंडनं रजा काढली, बँकेतला सूट घातला. खिडकीत एक तरुण कारकून होता. मी म्हटलं, तक्रार मागे घ्यायची आहे. तो म्हणाला, तक्रार खरी होती का? मी म्हटलं, खरी होती पण चुकीची होती. त्यासाठी त्यांच्याकडे कागद नाही. शेवटी मोठे साहेब आले. ते म्हणाले, जिचं टपाल आहे तिनं स्वतः लिहून द्यावं की तिला टपाल शेवटी हवं आहे. असा अर्ज आजवर कोणी केलेला नाही, पण आला तर विचार करू. कारण मात्र लिहावं लागेल.

मग डेस्मंड पुढे झाला. एल्वा, तू त्याला पाहायला हवं होतंस. म्हणाला, "साहेब, ती माझी मेहुणी. तिची बिलं यापुढेही उशिराच भरली जातील, आणि बँकेची त्याला काही हरकत नाही." बँकेची हरकत आहे. पण तो म्हणाला.

अर्ज ताबडतोब पाठव. त्या ट्रकनंच पाठवावा लागणार, दुसरा इलाज नाही.

मी चुकले. हे वाक्य मी फारसं लिहिलेलं नाही, म्हणून नुसतंच लिहिते.

मर्ल

बिटर वेल
सोमवार, २३ जुलै

प्रिय मर्ल,

तुझं पत्र गेल्या सोमवारी मिळालं. राग गेला. डेस्मंडला मुरंब्याच्या दोन बाटल्या पाठवते आहे, तू खाऊ नकोस.

अर्ज रविवारी लिहिला. 'माझे टपाल पूर्वीप्रमाणे सर्वांत शेवटी यावे ही विनंती.' कारणाच्या जागी दोनदा लिहून खोडलं. अखेर लिहिलं, 'टपाल आणणाऱ्यास घाई नसावी म्हणून.' तो आज पिशवीत गेला. पण पिशवीत आणखी एक पाकीट गेलंय.

झालं असं. क्लॅरी सातला आला. थंडी फार आहे म्हणाला. मी हो म्हटलं. मग त्यानं इंजिन बंद केलं. जूनपासून पहिल्यांदा. टोपी काढली, तिच्यात पाहिलं आणि टोपीलाच म्हणाला, "एल्वा, गुरुवारचं आता जमेलसं दिसत नाही. मग कायमचाच आलो तर?"

माझे हात कोरडेच होते, तरी मी ते पुसत राहिले. चार वर्षं रेतीबद्दल बोलल्यावर माणूस एकदम असं विचारतो. तो घाबरला आणि घाईघाईनं म्हणाला, "आत्ता नको. पत्रानं कळव." टपालवाला तो, त्याचा टपालावर विश्वास. मी आत पळाले, कागदावर 'हो, ये' लिहिलं, पाकिटावर 'श्री. क्लॅरेन्स नॉस्के, कुरालिंगा' घातलं, पिशवीत टाकलं, कुलूप लावलं आणि पिशवी त्याच्या हातात दिली. ट्रक धुरळ्यात दिसेनासा झाला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पिशवीची एक किल्ली माझ्याकडे, एक गावच्या पोस्टात. त्याच्याकडे नाही, आणि असती तरी त्यानं उघडली नसती. माझं उत्तर त्याच्या पाठीमागे दोन हातांवर आहे आणि ते घेऊन तो डावी-उजवी सगळी वस्त्यांची रांग फिरणार. उनाचे पडदेसुद्धा.

बुधवार. तुला पाठवायचं पत्र पुढच्या सोमवारीच जाणार, म्हणून याच कागदावर लिहिते. फोनला दहा वेळा हात लावला. पण तारेवर 'हो' म्हटलं तर सातही वस्त्यांना लग्नाचं आमंत्रण गेल्यासारखं होईल, आणि त्याला सगळ्यांत शेवटी कळेल.

गुरुवार. उना तारेवर कोणाला तरी सांगत होती की क्लॅरी आला, केक खाल्ला नाही, खुर्चीच्या कडेवर बसला आणि पिशव्या ट्रकमध्ये एकट्या आहेत म्हणून लगेच निघून गेला. पडद्यांबद्दल काही बोलला का, असं समोरच्या बाईनं विचारलं. उना म्हणाली, त्याला दिसले असतील असं वाटत नाही. मी रिसीव्हर हळूच ठेवला. सवयीनं मटण भाजलं आणि तसंच झाकून ठेवलं. आज तो येणार नव्हता.

शुक्रवार, २७ जुलै. दुपारी कुत्री भुंकायला लागली. शुक्रवारी इकडे कोणी येत नाही. बाहेर येऊन पाहते तर गावाच्या बाजूनं धुरळा येत होता. ट्रक फाटकाशी थांबला नाही, सरळ दारापर्यंत आला. क्लॅरीनं दाढी केली होती आणि गालाला दोन ठिकाणी कापून घेतलं होतं. ट्रकच्या मागे एकही पिशवी नव्हती. अकरा वर्षांत मी तो ट्रक रिकामा पाहिला नव्हता.

तो पायरीखाली उभा राहिला. म्हणाला, "टपाल नाही आज."

मी म्हटलं, "माहीत आहे. आत ये."

पोस्ट उघडायच्या आधीपासून तो पायऱ्यांवर बसला होता म्हणे. पाकीट मिळालं तसा निघाला. ऐंशी मैलांत गाडी दोनदा रुतली, आणि डावीकडची रेतीही सकाळी काही घट्ट नसते, हे त्यानं आज कबूल केलं. आत्ता तो समोर बसून गार मटण खातोय. मी मागे चेक लिहायला बसायची त्या टेबलावर हे लिहिते आहे, आणि तो मान वर करून विचारतोय की मर्लबाईंना माझ्याबद्दल काय लिहिते आहेस. जेवतोय, असं लिहिते, म्हणून सांगितलं.

कंत्राट त्याला मिळतं की त्या नव्या गाडीवाल्याला, ते अजून कळलेलं नाही. परवापर्यंत माझा जीव त्यातच अडकला होता. आता टपाल कोणीही आणो. क्लॅरी म्हणतो, कंत्राट मिळालं तर फेरी इथूनच सुरू करीन आणि इथेच संपवीन, म्हणजे पहिली आणि शेवटची दोन्ही तूच. नाही मिळालं तर कुंपणाची कामं पुष्कळ पडली आहेत.

डेस्मंडला सांग, जुलैचं बिल अजून आलेलं नाही. आलं की भरीन. आणि त्या ऑफिसात पुन्हा जाऊ नकोस. त्यांचा निर्णय सावकाश येऊ दे, इथे कोणी वाट पाहत नाही.

तुझी,
एल्वा